वाजवून घेताना

एकतीस वर्षं मी उद्यमनगरात
कास्टिंग वाजवून बघत होतो.
हातोडीचं हलकं टोक :
सलग वाजलं तर पुढं,
बद्द आलं तर खडूची फुली, आणि परत भट्टीत.
अजूनही कुणी कडी वाजवली
की आधी मला कडी ऐकू येते, मग माणूस.

म्हणून लक्ष्मीपुरीत, मेहरुन शिकलगारच्या दुकानात
मी नखानं वाडगे वाजवत बसलो.
पाच बोटांच्या टोकांवर तोलून, कानाशी नेऊन.
"दगडी मातीचा माल हाय काका, कडक भाजल्याला.
च्या सांगू का? दमानं वाजवा."

पालथे घालून बुडं बघितली.
जिथं झिलई लागत नाही, त्या उघड्या कडीला
जिभेवरचं बोट टेकवलं. ओल आत मुरली नाही.
मेहरुननं गुमान पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.
कुठं टाचणीएवढं छिद्र, कुठं केसाएवढी चीर,
एकावर एक सहा रचले तर वरचा डुलतोय का,
लिंबू रात्रभर ठेवलं तर रंग सुटेल का,
सगळं विचारून झालं.
सुटला तर परत आणा, म्हणाली.

निळे होते, शेवाळी होते.
एक तपकिरी, पुरातल्या पंचगंगेसारखा,
त्यावर माझा जीव गेला :
तांबड्याचा कट त्याच्या काठाला
कसा थांबेल, ते मला दिसायलाच लागलं.

घरी स्टीलच्या वाट्या आहेत, बारा.
आहेरातल्या, मामांचं नाव कोरलेल्या.
फुटायच्या नाहीत, हाच त्यांचा गुण.
पण झटका आल्यापासून अनसूयाच्या उजव्या हाताला
चटका उशिरा कळतो.
गेल्या बुधवारी तळव्यावर फोड उठला
तेव्हा ती रस्स्यात मीठ कमी आहे, एवढंच म्हणत होती.

ती स्टुलावर बसलेली. चार निवडून तिच्यापुढं ठेवले.
"आवाज बघ," म्हटलं, वाजवून दाखवले.
तिनं तपकिरी वाडगा दोन्ही हातांनी उचलला,
रिकामाच,
ओठाला लावला, डोळे मिटले
आणि पांढरा रस्सा प्यायला लागली.
सावकाश. मध्ये एकदा थांबली,
दाताखाली मिरी आल्यासारखी.
मेहरुन बिलबुकात काहीतरी शोधू लागली.

"जड."
दुसरा प्याली. "काठ जाड हाय, वट बसत न्हाई."
तिसरा अर्ध्यावर ठेवला.
चौथ्याकडं नुसतं बघितलं.

मेहरुन उठून आत गेली.
नळाचा आवाज आला.
ओला वाडगा पदरानं पुसत बाहेर आली,
कमरेत आत दबलेला, बोटं आपोआप बसतील असा,
रंग म्हणावा तर राखेचा.
"माझ्या सासूसाठी मागवल्याला. आता मीच जेवते त्यात.
ह्यो न्हाई देणार, पण असले दोन पडलेत वर.
कुणी घेत न्हाई, रचून ठेवता येत न्हाईत म्हणून."

अनसूया बराच वेळ प्याली.
मग डाव्या हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

वरचे दोन्ही खाली आले, धुळीसकट.
तीनशे चाळीसला एक. घासाघीस केली नाही.
वाजवायचं राहून गेलं,
हे मला पार बिंदू चौकात आठवलं.

रात्री एकाचं बूड ओट्यावर खरखरलं.
कपाटातून जुना पॉलिश पेपर काढला, ओला केला,
गोल गोल घासत बसलो, गाल टेकवला तरी लागणार नाही इतकं.
"कंपनी सुटली, पण तुम्ही सुटला न्हाई," ती आतून म्हणाली.

आज आयतवार.
पहिली वाफ गेली आणि तिनं वाडगा उचलला, भरलेला.
मी बघत राहिलो.
"जेवा की. तोंड काय बघताय?"
शेवटचा घोट. मग तिनं तो फरशीवर ठेवला,
जरा जोरातच, हात अजून अंदाज घेतोय.

सलग वाजला.

दुसऱ्याचं बूड घासायचं राहिलंय.